अकरा चौकटी

गाडी पिवळी, छप्पर उघडं, सीटा दोनच.
एक माझी. दुसरीचे अर्ध्या तासाला चौदा हजार.
आज तिच्यात गुणवंत ढोमणे, वय एकाहत्तर,
आर्वीहून आलेले, लेकीने भेट म्हणून बसवलेले.
गाडी इतकी बुटकी की टेकताना म्हणाले,
"हे तं पाटावर जेवाले बसल्यावानी झालं, पोरी."

मी पाठ केलेलं सुरू केलं.
एशियाटिकच्या पायऱ्या : सिनेमातलं कोर्ट.
इथे दर शुक्रवारी कुणीतरी निर्दोष सुटतं.
बॅलार्ड इस्टेट : लंडन,
निर्मात्याकडे विमानाचे पैसे नसतील तेव्हा.
एरवी इथे हसतात.
ढोमण्यांची बोटं नुसती मांडीवर फिरत होती,
काहीतरी गुंडाळत असल्यासारखी.

साडेसहाशे घोडे आहेत ह्या इंजिनात.
साडेसहाशेच्या साडेसहाशे फाउंटनच्या सिग्नलला
एका बर्फाच्या हातगाडीमागे खुरं आपटत उभे.
शेजारच्या टॅक्सीतून कुणी आमचा फोटो काढला.
ढोमण्यांनी टोपी नीट केली, आणि बोलले :
"ऑपरेटर होतो मी. टुरिंग टॉकीजवर. तीस वर्सं.
मुंबई म्या भोकातून पाह्यली,
वीतभर चौकोनी भोकातून, मशीनच्या खडखडाटात.
तुयं थे कोर्ट पाचव्या रिळात येते."

मरीन ड्राइव्हला मी पाय दाबते.
गिऱ्हाइकाचे पैसे तिथेच तर वसूल होतात.
"हळू," ते म्हणाले. "इथं फिल्म तुटे."

पुलगावच्या जत्रेत तुटली होती म्हणे.
ब्लेडने खरवडून, सोल्युशन लावून जोडली,
मधल्या अकरा चौकटी वाया गेल्या.
अर्ध्या सेकंदाहूनही कमी.
पण त्यानंतर हिरोची गाडी दर खेळाला
खांबाच्या अलीकडून एकदम पलीकडे जायची.
पब्लिक शिट्ट्या मारायचं.
पेटी वितरकाकडे परत गेली.
अकरा चौकटी राहिल्या ढोमण्यांच्या खिशात,
चुन्याच्या डबीत.

डबी अजून आहे. त्यांनी पट्टी काढली,
नखांनी कडा धरून उन्हासमोर धरली.
हिरोचं फक्त कोपर.
मागे एक इमारत, तिसऱ्या मजल्याची गोल बाल्कनी,
बाल्कनीत एक बाई चादर झटकते आहे.
पहिल्या चौकटीत चादर तिच्या पोटाशी,
अकराव्या चौकटीत डोक्याच्या वर.
खाली यायच्या आधी पट्टी संपते.

"तिले कुठं माहीत, ती शिनेमात हाय.
आर्वी, पुलगाव, चांदूर बाजार,
इतक्या गावांनी मुंबई पाह्यली
अन् तिले कापलं म्या. माया हातानं."

मग आम्ही शोधलं.
एकदा चौपाटीपर्यंत, एकदा उलट, पुन्हा एकदा.
ढोमणे सीटवर उभे, एक हात काचेवर,
दुसऱ्याने मजले मोजताहेत.
गोल बाल्कन्या सगळीकडेच होत्या,
बहुतेक काचेने बंद केलेल्या,
एकीत कुंड्या, एकीत जुनी सायकल,
एकीतून एसी दुरुस्त करणारा पोरगा
पिवळ्या गाडीला टाटा करत होता.
ढोमण्यांनीही केला.
हवालदाराने शिट्टी मारून थांबवलं.
"एवढी गाडी, आणि छकड्यासारखी चालवता मॅडम?"

पुढच्या सहा जागा राहिल्या.
नटाचा बंगला, जिथे माणसं भिंतीचा फोटो काढतात,
वांद्र्याचा कट्टा, सगळंच.
मी म्हणाले, काका, पैसे परत मागा हवं तर.
ते डबीचं झाकण दाबत होते, नीट बसत नव्हतं.
"आता पळव तुही गाडी," म्हणाले.

पळवली. सिग्नल हिरवे होते, नवलच.
एका खांबापाशी त्यांनी डोळे मिटले,
उघडले तेव्हा आम्ही पलीकडे होतो.
तोच खांब कशावरून, हे मी विचारलं नाही.
मागून कुणीतरी शिट्टी मारली,
बहुतेक गाडीला.