दुसरी जागा

अमरातच्या पंपावर पहाटे पावणेपाचला
अकरा गाड्या, आणि पंपावरचा बांगलादेशी पोरगा
नोझल हातात धरून जांभई देतोय.
टायरवर बुटाचं टोक मारून बघायचं;
काही कळत नाही त्यातून, तरी सगळेच मारतात.
वर्की घरून उकडलेली अंडी आणतो, मीठ विसरतो.
रोनेल रात्रपाळी संपवून थेट, अंगाला दवाखान्याचा वास.
खमीस बोटाने हवेत गोल काढतो:
चला.

पुढे दोन तास कुणी कुणाशी बोलत नाही.
बायको विचारायची, ही कसली रे तुमची सोबत,
डोक्यावर डबे घालून एकामागे एक जायचं?
मला सांगता यायचं नाही.
पाय बाहेर काढला की रस्त्यावर खडी.
एक बोट वर, म्हणजे एकेरी रांग.
टाकीवर थाप, पेट्रोल.
एवढीच आमची भाषा, आणि तिच्यात
भांडायला शब्दच नाही.

अकरा वर्षं मी सगळ्यांच्या शेवटी चालवली.
शेवटच्याचं काम सोपं: कुणाला मागे सोडायचं नाही,
आणि आपल्याला कंटाळा आलाय हे कळू द्यायचं नाही.
कुरय्यातच्या चढावर तरणे सुसाट जायचे,
रांग रबरासारखी ताणायची,
आणि मी हेमांगी टिपणीसच्या मागे, पन्नासच्या वेगाने,
तिच्या खांद्यांकडे बघत.
खांदे वर असले की घाबरली आहे.
चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकली ती, शाळेत गणित शिकवते,
थांबलो की पहिलं वाक्य, 'सॉरी हं.'
खमीसने एकदाच ऐकून घेतलं.
मग तिला आपल्या मागे आणलं, दुसऱ्या जागेवर.
नियम जुनाच: सगळ्यात हळू जो, तो दुसरा.
पुढचा त्याला आरशात धरून चालवतो
आणि बाकीच्यांना, आवडो न आवडो,
त्याच्याच चालीने जावं लागतं.
तय्यिब कुरकुरला, या वेगाने तर माझ्या आजोबांचं गाढव...
त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला फिन्सच्या खाली
होड्या दिसल्या. नेहमी तिथेच असणार.

माझ्या आरशात मात्र कधीच कुणी नव्हतं.
रस्ता, त्यावर एखादी बकरी,
मग उन्हाने पुसून टाकलेलं सगळं.

यंदाचा ऑक्टोबर. उन्हाळाभर गाड्या झाकलेल्या.
गुडघ्याचं मी कुणाला बोललो नव्हतो.
डोळ्यांचंही नाही, की समोरून ट्रक आला
की दिव्यांची फुलं होतात, आणि मी ब्रेकवर बोटं ठेवून
ती कोमेजेपर्यंत थांबतो.
मे महिन्यातल्या शेवटच्या फेरीत मी तिवीत पोचलो
तेव्हा त्यांचा दुसरा चहा मागवून झाला होता.
वर्कीने खुर्ची पुढे केली. घड्याळ कुणी बघितलं नाही.

आज पंपावर खमीस सगळ्यांना जागा दाखवत आला,
माझ्यापाशी थांबला, माझी काच आपल्या बाहीने पुसली
आणि आपल्या मागच्या चाकाजवळ जमिनीकडे बोट केलं.
'इथे.'
मी म्हटलं, मग मागे कोण?
हेमांगी हातमोजे चढवत होती. मान वर न करता म्हणाली,
'मी आहे.' सॉरी म्हणाली नाही.

चढ लागला. डोंगर अजून राखाडी.
खमीसचा लाल दिवा माझ्यापासून
तेवढ्याच अंतरावर; मी हळू झालो की तोही हळू,
जणू त्यालाच घाई नाही.
वळणावर आरशात पाहिलं.
एक, दोन, चार... रस्ता वळेल तसे ओवले जाणारे
नऊ दिवे, सगळे माझ्या वेगाने.
शेवटचा जरा लांब. अंतर नीट राखते ती.
मी शिकवलेलं नाही.

मला राग यायला हवा होता. थोडा आला,
कुरय्यातपर्यंत पुरला.
मग डावीकडे समुद्र उघडला, आणि फिन्सच्या खाली
मी होड्या मोजल्या. सात.

तिवीत खमीस म्हणाला, जुम्म्याच्या नमाजाआधी परतायचंय,
चहा लवकर प्या.
मी लवकर प्यायलो नाही.
कुणीच प्यायलं नाही.