तीन सूत

शंभरास एक, हे माप.
म्हणजे माझ्या अंगठ्याच्या नखावर
चार माणसं उभी राहतील, दाटीवाटीनं का होईना.
आणि कठडा, त्यांच्या कमरेइतका,
तीन सूत.
बाबा लेथवर होते, सूत त्यांच्याकडून आलं.
मिलिमीटर मला हिशोबाला लागतो,
हाताला नाही.

माझगावात, दुपारी, पंखा बंद.
(वाऱ्यानं खांब उडतात. एकदा झाडून
सोळा गोळा केले; सतरावा अजून
कुठल्याशा फटीत पहारा देत असेल.)
पितळेची तार लोहार चाळीतून आणते, वजनावर.
दुकानदार विचारतो, कानातली बनवता का?
हो म्हणते.
बोटीचं कोण सांगत बसणार.

सागाच्या फळीत खाचा,
खाचांत खांब निजवायचे, पाच-पाच सुतांवर,
आडव्या तीन तारा: वरची जरा जाड,
खालच्या दोन केसासारख्या.
मग डाग.
कथलाचा, टाचणीच्या टोकावर मावेल असा.
लोक डाग धुवायला बघतात,
मी मोजते. छत्तीस खांब, तीन तारा,
एका अंगाला एकशे आठ.
जपमाळेइतके झाले खरे, पण जप कसला,
श्वास सोडला तरी कथील पसरतं.

रंग सगळ्यात वाईट.
खऱ्या बोटीवर दरवर्षी एक हात,
वर्षावर वर्ष, ओघळावर ओघळ,
तरी कठडा कठडाच.
इथे एकच हात जास्त झाला
की तार दोरखंड होते.

परकारचाचा डोंगरीहून आले बघायला.
जुन्या किनारी बोटीवर सुकाणी होते,
आता एक्याऐंशी.
भिंग डोळ्याला लावून ते इतका वेळ गप्प
की चहावर साय धरली.
मग म्हणाले, झकास.
पण ही आमची बोट नाही.

का?

एवढा सरळ कठडा नकाशात असतो, पोरी.

आणि सांगू लागले. मागे, डाव्या अंगाला,
चौथा नि पाचवा खांब बाहेर कललेले:
एका वैशाखात आंब्याच्या पेट्यांचं जाळं तिथं आदळलं,
मग कुणी नीट केलंच नाही.
मधली तार खाली आलेली,
पोरं त्यावर पाय देऊन उभी राहायची,
जैतापूरच्या होड्या दिसायच्या म्हणून.
ओकायलाही सगळे तिथंच,
का कोण जाणे, बाकी अख्खी बोट मोकळी असताना.
आणि इथं, त्यांनी भिंगाचा कडा टेकवला, इथं
रंग नव्हता.
कधी टिकलाच नाही.
पाळी संपली की माझा हात असायचा.

अकरा वर्षं मी सरळ करायला शिकले.
अर्धा सूत वाकवायला तीन दिवस गेले.
मुद्दाम वाकवलेलं मुद्दाम दिसतं.
शेवटी चिमटा ठेवून दिला,
काडेपेटी दोऱ्याला बांधली
आणि वैशाखातल्यासारखी
जरा हलवून सोडली.
दोन वेळा फुकट. तिसऱ्यांदा चौथा खांब
कलला, पाचव्याला घेऊन.
खालची एक तार डागातून सुटली.
ती तशीच ठेवली.

हाताची जागा खसखशीएवढी.
रंग वाळण्याआधी काडीनं पुसला,
खालचं पितळ उघडं.
बोट लोखंडाची होती, ठाऊक आहे,
पण घासून घासून लोखंडही
उन्हात असंच दिसायचं म्हणे.

न्यायला आले तेव्हा भिंग विसरले होते.
म्हणाले, नको, सापडेल मला.
खाली वाकले. बोट पुढे केलं,
काप होता त्याला, तरी थेट
डाव्या अंगाला, मागे,
चौथ्याच्या जरा पुढं.

हात लावू नका, मी म्हटलं.
सवयीनं. सगळ्यांनाच म्हणते.

त्यांनी हात मागे घेतला,
आणि कुठं ठेवावा हे न कळल्यासारखा
थोडा वेळ हवेतच धरला,
कमरेच्या उंचीवर.