दहा रुपयांपुरती

प्रार्थनेत ऋणांची ओळ आली की
मी गप्प व्हायचे.
ओठ हलायचे, आवाज नसायचा.
खडकीची सगळी मंडळी एका सुरात पुढे जायची
आणि मी अलीकडेच,
सिग्नलला थांबल्यासारखी.
परीक्षेची ओळ आली की पुन्हा त्यांच्यात मिसळायचे.

हिशेब माझ्याकडे होता.
कर्जदार ओबेद भांबळ, जामीन आमचे शमुवेल.
सही झाली माझ्याच स्वयंपाकघरात,
मेथीची जुडी बाजूला सारून.
'वहिनी, देव साक्षी आहे,' म्हणाला
आणि दोन कप चहा प्यायला.
मग एका बुधवारी त्याच्या खोलीला कुलूप.

दारूगोळा कारखान्याच्या पगारातून
दरमहा अकराशे वीस,
एकशे आठ महिने.
शेजारच्या उमराणीकाकू म्हणाल्या, 'एकशे आठ?
म्हणजे माळ पुरी झाली की हो.'
मी हसले नव्हते.
त्या माळेत तबिथाचं नर्सिंग ओवलं गेलं होतं,
माझे दोन दात,
आणि यांचा गुडघा, ज्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी.

शमुवेल रात्री त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायचे.
मी कूस बदलायचे.
ते गेले, त्या दिवशी कबरीत मूठभर माती टाकताना
मी गर्दीत ओबेदला शोधलं.
दोन शब्द साठवले होते त्याच्यासाठी.
तो नव्हता.

यंदा लेंटच्या तिसऱ्या रविवारी आला.
शेवटचा बाक. शर्टाचं वरचं बटण वेगळ्याच रंगाचं.
पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाला बोलावलं
तर जागचा उठला नाही.
मला बरं वाटलं.
ते बरं वाटणं मी पदराने पुसून पाहिलं,
डाग गेला नाही.

बाहेर बाजाराच्या स्टॉपवर आम्ही दोघंच.
मी ताडीवाला रोडला, लेकीकडे.
तो ससूनला, म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.
बस आली. कंडक्टरने दहा मागितले.
ओबेदने एक खिसा चाचपला, मग दुसरा,
मग पाकीट उघडलं.
आत कुणाचा तरी फोटो आणि औषधाची चिठ्ठी.
'आजोबा, उतरता का?'
आणि माझा हात,
मी त्याला काही सांगितलंच नव्हतं,
दहाची नोट घेऊन पुढे.

'वहिनी, पुढच्या रविवारी देतो.'

तोच स्वर. अगदी तोच,
मेथीच्या जुडीशेजारचा.
मला हसू फुटलं,
वाकडेवाडी गेली, संगम पूल आला, थांबेना.
बायका वळून बघायला लागल्या.
ओबेद खाली मान घालून तिकिटाची घडी घालत होता,
लहान, आणखी लहान.
'नको देऊस,' मी म्हटलं.

आता ऐका,
एक लाख वीस हजार नऊशे साठ जागच्या जागी आहेत.
वही फाडलेली नाही, पिठाच्या डब्याखाली आहे.
ते दोन शब्दही आहेत,
थोडे गंजले असतील.
देवाला खोटं सांगून काय मिळणार?

पण पुढच्या रविवारी ती ओळ आली
तेव्हा थांबले नाही.
म्हटली,
हळू आवाजात,
दहा रुपयांपुरती.
मागे शेवटच्या बाकावर
कुणीतरी खोकलं.