अक्षरामागे आठ स्किलिंग

बावीस वर्षं मी हेरिंगची पिंपं मोजली.
लिमफियोर्डच्या काठी, जकात कचेरीत,
खिडकीपाशी, जिथून धक्का दिसतो
आणि धक्क्यापलीकडे फक्त धुकं.
आवक, जावक, मीठ किती, तूट किती.
माझं अक्षर चांगलं आहे, असा शेरा
कोपनहेगनहून आलेल्या प्रत्येक तपासनिसाने मारून ठेवलाय.

त्याआधी मी कवी होतो.
हे इथे कुणाला ठाऊक नाही.
म्हणजे पाद्रीबुवांना आहे, पण ते भले गृहस्थ,
विषय निघालाच तर हवेवर नेतात.
एक पुस्तक निघालं होतं, निळ्या पुठ्ठ्याचं.
त्यात चंद्र सदतीस वेळा उगवला
(हे मी नंतर मोजलं, मोजायची खोड जडल्यावर)
आणि मरण नऊ वेळा आलं,
दर खेपेला गोरंपान, केस मोकळे सोडून.
तोवर मी एकही प्रेत जवळून पाहिलं नव्हतं.

मग काय झालं?
काही झालं नाही, हीच तर गोम आहे.
काळीज फुटलं नाही. क्षय झाला नाही.
शिंप्याचं देणं झालं, आणि नोकरी लागली.
शाई सरकारी; तिने कविता लिहिणं बरं दिसेना.
एक हिवाळा गेला, दुसरा गेला,
आणि आतलं ते गुणगुणणं,
घरातलं घड्याळ बंद पडलंय हे तिसऱ्या दिवशी ध्यानात यावं
तसं, केव्हाचंच थांबलेलं सापडलं.

परवा सिड्सेल आली, जाळी विणणारी.
तिचा टोगर, चौदा वर्षांचा,
ईल माशांवर भाला मारायला गेला तो बर्फाखाली गेला.
एप्रिलात सापडला, होडीच्या उतारापाशी.
ती म्हणाली, लाउगे पाथरवट
नाव आणि साल फुकट कोरतो,
पुढे अक्षरामागे आठ स्किलिंग.
माझ्यापाशी एक रिग्सडालर आहे.
बारा अक्षरं होतात.
तुम्ही हिशेबातले. बसवून द्या.

तीन रात्री बसलो.
पहिल्या रात्री देवदूत आला, पंख पसरून.
नुसत्या पंखांनीच सगळे पैसे संपत होते.
दुसऱ्या रात्री चंद्र दाराशी येऊन उभा राहिला,
माझ्यासारखाच म्हातारा झालेला, ओळखीचं हसत.
मी त्याला आत घेतलं नाही.
घेतलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे;
वाईट वाटलं एवढं खरं.

तिसऱ्या दिवशी तिच्याकडेच गेलो.
विचारलं, कसा होता गं?
ती गाठ मारत होती. हात थांबला नाही.
कसा म्हणजे? पोरासारखा.
दार कधी लावायचा नाही मेला.
सारं घर गारठायचं. दिवसभर माझं एकच:
टोगर, दार! टोगर, दार!

दार अजून उघडं आहे.

दहा अक्षरं. मी चार वेळा मोजली.
ती वाचता येत नाही म्हणाली, वाचून दाखवलं.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, म्हणजे दोन उरली.
त्या सोळा स्किलिंगांची तिने सुतळी घेतली.

जगण्याचा अर्थ काय, यावर त्या निळ्या पुस्तकात
माझी एक लांबलचक कविता होती, अकरा पानी.
आता तिची एक ओळ आठवत नाही.
कचेरीच्या वहीत त्याला रकाना नाही,
आणि मला वाटायचं, रकाना नाही म्हणजे
ती गोष्टच नाही.
तसं नसावं. किंवा असेलही.
मला एवढंच कळलंय की बारा अक्षरं परवडत असताना
दहातही माणूस मावतो,
आणि जो मावत नाही
तो तिच्या त्या न थांबलेल्या हातात असतो.

काल रात्री पुन्हा बसलो.
कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मेलं नव्हतं.
एक ओळ झाली, सुमार.
दुसरी तिच्याहून सुमार.
बोटं गारठली होती. शाई मी
वाण्याकडून आणली होती, स्वतःच्या पैशाने,
जरा पातळच आहे.