मीठ

तंबू दोघांचा होता, आम्ही तिघं.
जालन्याहून निघताना केरबा म्हणालेला,
भादवा सरत आला, पडून पडून किती पडेल.
नागापूर सोडल्यापासून मात्र
तो आभाळाकडं बघायचंच टाळत होता.

अंतूरच्या वाटेवर सोनू मधे पुढं,
डोक्यावर खताच्या गोणीची खोळ,
पायात काहीच नाही.
"हितं आस्वल ऱ्हातं," त्यानं सांगितलं,
जसं कुणी सांगावं, हितं मामाचं घर आहे.

तिसऱ्या दरवाजात पावसानं गाठलं.
पहारेकऱ्यांच्या देवडीत वानरं बसलेली,
अकरा का बारा, पिल्लं पोटाशी,
शेपट्या ओल्या दोरांसारख्या खाली सोडलेल्या.
समोरची देवडी रिकामी होती, ती आम्ही घेतली.
तासभर बघत राहिलो एकमेकांकडं,
सरकारी दवाखान्यात बघतात तसं:
तुमचा नंबर कितवा?
एक म्हातारा हुप्प्या तेवढा दरीकडं तोंड करून,
अजून कुणी पहारा उठवलाच नाही
असा.

रात्री स्टोव्ह पेटला नाही.
भाकरी, चटणी, पाणी,
तिन्हींची चव एकच झालेली.
इफ्तेखारनं टॉर्च तोंडात धरून
गळक्या जागा चिकटपट्टीनं बुजवल्या,
बुजवल्या की शेजारून गळायचं.
मग कधीतरी पाऊस थांबला
आणि थांबल्यावरच ऐकू आलं:
कापडापलीकडं, हातभर अंतरावर
कुणीतरी चावत होतं.
घाईनं नाही. सुपारी कातरावी तसं.
मधूनच एक सळसळ,
वाळल्या काटक्यांची मोळी झटकल्यासारखी.
केरबानं माझं मनगट धरलं,
मी इफ्तेखारचं.
इफ्तेखारनं कुणाचं धरावं?
तो ओठ दाबून हसायला लागला,
त्याचं हसणं माझ्या पाठीत हादरत राहिलं.

सकाळी माझा एकच बूट होता.
दुसऱ्याची जीभ गेलेली, टाच अर्धी,
शेजारी चिखलात एक काटा,
वीतभर, काळापांढरा,
दौतीत बुडवून लिहायला घ्यावा असा.
सोनूनं तो कानावर खोवला.
"साळिंदर. मीठ हुडकत आलतं.
तुमच्या पायाचा घाम खाऊन गेलं."

गोडाउनच्या पायऱ्या, बियाण्यांची पोती,
एकवीस वर्षं.
कुणाच्या तोंडाला तो
चव म्हणून लागला असेल,
असं मनात कधी आलंच नव्हतं.

उतरताना मी मागं, पायाला गोणपाट बांधून.
वाटेकडेला तो दगड, गावांच्या दिशा सांगणारा.
चढताना कोरडा होता,
त्याला पाठ टेकून आम्ही शेंगा फोडल्या होत्या,
टरफलं अजून तिथंच.
आता भिजून काळा पडलेला
आणि फारसी अक्षरं वर आलेली.
इफ्तेखारला अर्थ येत नाही.
आजोबांनी नुसती अक्षरं शिकवली, ती बोटांवर छडी मारून;
अर्थापर्यंत पोचायच्या आधी आजोबा गेले.
तो बोट फिरवत गेला:
दाल. वाव. लाम. ते.
थांबला.
गावाच्या नावाला अर्थ लागत नाही.
"दौलताबाद," तो म्हणाला, हळूच,
जणू गाडी आत्ताच सुटणार होती.
मग पलीकडच्या अंगाला जाऊन, जरा मोठ्यानं,
"बुऱ्हाणपूर!"
केरबानं टाळी वाजवली. दोन मोर कुठूनतरी ओरडले.

"बगा की, आमचं नागापूर हाय का त्याच्यात?"
इफ्तेखारनं तळहातानं चिखल पुसला,
शेवाळ नखानं खरवडलं,
वाकून बुडापर्यंत बघितलं.
"नाही रे."

"मग चला," सोनू म्हणाला,
कानावरचा काटा नीट करत,
"वढा फुगायच्या आत."