पापणी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात
दोन रात्री मेंढरं बसवायचं ठरलं,
पोतंभर मालदांडी आणि वर चहापत्ती.
मालक बांधावर उभा राहून डोकी मोजत होता.
म्हणाला, अक्कव्वा, एकशे बारा म्हणालीस,
ही तर एकशे तीन.

नऊ माळावर ठेवलीत, म्हटलं,
खडकाच्या पडीला. त्यांना डोस पाजलाय.

परवा पहाटे एकेकीला गुडघ्यात धरून
अंगठ्यानं पापणी उलटत गेले.
आत डाळिंबाचा दाणा दिसला की सोडून दिली.
गुलाबी निघाली तिला परत बघायचं ठेवलं.
ताकासारखी पांढरी, तिच्या पाठीवर काव.
सोमलिंग म्हणत होता, सगळ्यांनाच पाज की,
बाटली भरलेली हाय, एकदाच कटकट मिटंल.
त्याच्या बापानं तसंच केलं होतं एका साली,
अख्ख्या कळपाला, दोन दोन वेळा.
त्या साली लेंड्या पडल्या तशाच राहिल्या,
वाळून हरभऱ्यागत,
पार होळीपर्यंत पायाखाली कुरकुरायच्या.
उचलून न्यायला कुणी आलंच नाही.
आणि जंत? जंत शिकले.
पुढच्या साली औषध त्यांना पाणी झालं.

मला पापणी शिकवली
सांगोल्याच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईनं.
माझीच उलटली होती तिनं.
बाळंत होऊन महिना झालेला.
डोळा ओढून बघितला, चुकचुकली,
तांबड्या गोळ्या घातल्या पदरात.
माझ्या शेजारच्या बाईला नाही दिल्या.

हे मालकाला कुठं सांगत बसू.
तो म्हणाला, मग दोन पायली कापतो.
काप, म्हटलं.

रात्री कुत्रं गप झाल्यावर
वाघरीच्या कडेला भुर्रर्र झालं.
बॅटरीच्या उजेडात एक शेणकिडा आपटला,
उताणा पडून पाय हलवत राहिला,
मग सावरला आणि लेंडीखाली शिरला.
त्यामागं दुसरा. पुढं मोजायचं सोडलं.

सकाळी रानभर बारीक बारीक भोकं,
कडेला ओली माती वर काढलेली,
काळं घोंगडं कुणी दाभणानं टोचल्यागत.
मालक उकिडवा बसून
एका भोकात करंगळी घालून बघत होता.
मी पाल गुंडाळत राहिले.

माळावर आठ उभी होती.
नववी, कानफाटी, अजून बसूनच.
मांडीवर तिचं डोकं घेतलं, पापणी उलटली.
फिकट. पण परवापेक्षा
काही फरक हाय का, कळेना.
तिचं तोंड उगवतीकडं वळवलं
आणि पुन्हा बघितलं.