जिल्हा ठाणा, गाव करावे

सिडको भवनाच्या मागे, झेरॉक्सवाल्याच्या पत्र्याखाली माझं टेबल.
तेवीस वर्षं वंशावळी टाइप करते,
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी.
मूळ पुरुष, खाली मुलगे, त्यांच्या खाली मुलगे.
बायकांसाठी शेवटी एक ओळ असते,
'हक्क सोडला आहे', आणि अंगठा.
माझीही सही आहे अशा एका कागदावर.
टाइप मीच केला होता,
भावाकडून पैसे घेतले नाहीत.

परवा एक बाई आली. पांढरे बूट, खांद्याला पिशवी,
हनुवटी थेट माझ्या आत्याची
आणि इंग्रजी असं की निम्मं कळेना.
सिल्व्हिया जोमी, राहणार बर्बीस, गयाना.
आडनाव नवऱ्याचं?
नाही, आईचं. आईच्या बापाचं. त्याच्या आईचं.
मळ्याच्या वहीत लिहिलं तेच चिकटलं.
म्हटलं, अहो, जोमी हे बाईचं नाव.
ती म्हणाली, हो. बाईच होती.

तिनं टेबलावर ठेवली झेरॉक्सची झेरॉक्स.
सन अठराशे ब्याऐंशी, कलकत्त्याचा डेपो.
वय बावीस. उंची चार फूट अकरा.
डाव्या पोटरीवर जखमेची खूण.
नवरा: रकाना कोरा. भाऊ: धर्मा.
जात कारकुनाच्या कानाला लागली तशी, आग्री.
घरच्यांनी चार पिढ्या वाचलं, आग्रा.
सिल्व्हिया आधी तिकडेच जाऊन आली,
ताजमहालासमोरचा फोटो दाखवला, जरा लाजत.
आणि ठाणा? ठाणा म्हणजे पोलीस चौकी,
तिथं तिला सांगितलं, कुठलीही असेल.

करावेहून कलकत्त्याला ती पोचली कशी
हे कागदात नाही.
काशीला नेतो म्हणून कोणी नेलं असेल.
किंवा निघाली असेल आपली आपण,
मिठागरात फुटलेल्या टाचांनी,
मागे न बघता. मला तसं वाटायला आवडतं.
वाटण्याला स्टॅम्प लागत नाही.

धर्मा मला ठाऊक आहेत.
करावेगावचे तीन, तिन्ही मीच टाइप केलेत.
एकाला दोन मुलगे, एकाला चार, एक निपुत्रिक.
बहीण एकालाही नाही.

एखादा शब्द राहिलाय का तिचा, मी विचारलं.
खूप आठवलं तिनं. गाणं नाही, देवाचं नाव नाही.
मग म्हणाली, आमच्या किनाऱ्याला चिखल आहे, नुसता चिखल,
त्यात एक मासा पळतो, डोळे पाण्यावर काढून.
सगळा देश त्याला चार-डोळ्या म्हणतो.
आमच्या घरात मात्र निवटी.

झेरॉक्सवाल्यानं मशीन बंद केलं.
तो दिवाळ्याचा.
परत बोल, म्हणाला, मराठीतच.
ती परत बोलली.

मी नवं पान उघडलं.
'मूळ पुरुष' हे शब्द साच्यातच आहेत,
ते पुसावेत असं आधी वाटलं.
मग राहू दिले.
मूळ पुरुष: जोमी.
खाली मुली, मुलगे, जसे झाले तसे,
मेरी, रामलाल, डोरीन, एक नाव नसलेलं बाळ,
बोटीतच गेलेलं.
रेघा मी अजून हातानंच मारते, फूटपट्टी लावून.
हा कागद कुठेच चालायचा नाही, तिला सांगितलं.
तिनं तो लॅमिनेट करून घेतला,
चाळीस रुपये.

संध्याकाळी दिवाळ्याच्या बाजारात नेलं तिला.
कोळणीच्या टोपलीत चिखलाचे जिवंत गोळे
एकमेकांवर चढत होते, डोळे वर.
सिल्व्हिया वाकली. हळूच म्हणाली, निवटी.
कोळणीनं मानही वर केली नाही.
घे गो बाय, शंभरला वाटा.